दुकान बंद, डोंगर चालू

दुकान बंद पडल्याचं दुःख करायचं तर आधी दुकान असावं लागतं. अंबरनाथ-बदलापूरकरांची नेमकी इथेच पंचाईत आहे.

शिवमंदिराकडून स्टेशनाकडे येताना मान वर करा. इमारतींनी परवानगी दिली तर मलंगगडाची रांग दिसेल. बदलापूर सुटलं की लोकलच्या दारातून चंदेरी. मासिक पास काढून बघता येणारे कडे जगात किती गावांच्या नशिबी असतात? आता स्टेशनाबाहेर उभं राहा आणि दोर अडकवायची कडी, म्हणजे एक कॅराबिनर, मागून दाखवा. मोबाइलचं कव्हर मिळेल. वडापाव मिळेल. टू बीएचकेचं माहितीपत्रक तर न मागता मिळेल.

असेल एखादं दुकान कुठल्या गल्लीत. त्यानं राग मानू नये. पण त्यानं स्वतःला इतकं बेमालूम लपवलंय, की उद्या बंद झालं तरी पत्ता लागायचा नाही.

बाहेरच्या देशांत मात्र गिर्यारोहणाच्या सामानाची दुकानं बंद पडतात, विकली जातात, आणि माणसं खरोखर हळहळतात. कॅनडाचंच घ्या. १९७१ साली व्हँकुव्हरच्या काही डोंगरवेड्या विद्यार्थ्यांनी एक सहकारी दुकान काढलं, माउंटन इक्विपमेंट को-ऑप. पाच डॉलर भरा आणि जन्मभराचे सभासद व्हा. होता होता सभासद पन्नास लाखांच्या वर गेले. एवढ्या मालकांचं दुकान बुडेल कसं?

बुडालं. २०२०मध्ये कर्जाचा डोंगर काही चढवेना, आणि दुकान एका अमेरिकी गुंतवणूक कंपनीला विकलं गेलं. निषेधाच्या पत्रकावर लाखाहून जास्त सह्या पडल्या. पन्नास लाख मालकांपैकी मत मात्र कुणाचंच घेतलं नाही.

सहकारी साखर कारखाना कसा विकला जातो, हे डोळ्यांनी पाहिलेल्या मराठी माणसाला यात नवल ते काय? नवल एवढंच, की घेणारा चेअरमनचा मेहुणा नव्हता.

२०२५मध्ये कॅनडातल्याच गुंतवणूकदारांनी ते दुकान परत घेतलं. देशप्रेमाचे उमाळे आले. सभासदांना त्यांची मालकी परत मिळाली का? छे हो. दुकान मायदेशी आलं, मालकाच्या घरी नाही.

आपल्याकडचं रडणं निराळं. काळा घोडा परिसरातलं रिदम हाऊस २०१६च्या फेब्रुवारीअखेर बंद झालं, तेव्हा अख्खी मुंबई हळवी झाली होती. त्या दुकानात तासन्‌तास उभं राहून गाणी ऐकल्याच्या आठवणींचा पूर आला. फुकट ऐकल्याच्या, बरं का. पुढं ती जागा नीरव मोदीच्या कंपनीनं घेतली आणि मग ईडीनं तिच्यावर टाच आणली. गाण्यांना गिऱ्हाईक उरलं नव्हतं, चौरस फुटांना होतं.

फोर्टातलं स्ट्रँड बुक स्टॉल त्यानंतर दोन वर्षांनी, फेब्रुवारी २०१८मध्ये गेलं. टी. एन. शानभागांनी १९४८ साली स्ट्रँड सिनेमाच्या कोपऱ्यात मांडलेला तो संसार. शेवटच्या दिवसांत पुस्तकांवर घसघशीत सवलत लागली आणि आत पाय ठेवायला जागा उरली नाही. हीच गर्दी आदल्या वर्षी का नाही आली? कारण आदल्या वर्षी दुकान मरायला टेकलेलं नव्हतं. धट्ट्याकट्ट्याला भेटायला कोण जातं?

तेव्हा समजा, आपल्या पट्ट्यात ट्रेकिंगच्या सामानाचं एक लाडकं दुकान होतं आणि ते बंद झालं. काय होईल? स्टेटस पडतील. 'एका युगाचा अंत'. त्याखाली जोडलेले हात. त्याखाली एक प्रामाणिक प्रश्न: 'स्टॉक क्लिअरन्स आहे का?'

आणि आदल्या वर्षी त्याच दुकानात काय चाललं असेल, तेही सांगायला ज्योतिषी नको.

"काका, पन्नास लिटरची सॅक दाखवा."

काका चार सॅका काढतात. पाठीवर चढवतात. कंबरेचा पट्टा आवळतात, खांद्याचे ढिले करतात, वजन खांद्यावर नको, कंबरेवर हवं म्हणून दहा मिनिटं समजावतात. तेवढ्यात गिऱ्हाईक लेबलचा फोटो काढून घेतं. "घरी विचारून सांगतो."

घरी कोणाला विचारणार? फोनला. फोन म्हणतो, तीनशे रुपये कमी.

आठवड्यानं गिऱ्हाईक परत येतं. ताजी कोरी सॅक पाठीवर. "काका, हिचा पट्टा कसा लावायचा, जरा दाखवता?"

काका दाखवतात. म्हणूनच तर ते लाडके असतात. लाडानं गाळ्याचं भाडं मात्र भरता येत नाही.

अशा दुकानात खरा माल काउंटरच्या मागं उभा असतो. बूट संध्याकाळी घ्या, दिवसभर चालून पाय सुजलेला असतो. पुढं बोटाएवढी जागा ठेवा, नाहीतर उतरताना नखं काळी पडतील. नवा बूट थेट गडावर नेऊ नका, आधी स्टेशन ते घर चालवा. माळ्यावर चार-सहा पावसाळे पडून राहिलेल्या बुटाचा तळ न वापरताही सुटतो, आणि तो घरात कधीच सुटत नाही, बरोबर खिंडीत सुटतो. दोराचंही तसंच. एकदाही न वापरलेला दोर दहा वर्षांनी बाद करा, असं दोर बनवणाऱ्या कंपन्याच सांगतात. हे सगळं ज्ञान आपण वर्षानुवर्षं फुकट घेतलं. ते कोणत्याच बिलात लागलं नाही, म्हणून ते बुडालं तेव्हा कोणाच्याच हिशेबात आलं नाही.

फोनवर विचारा की! विचारा. 'चार तारे. रंग फोटोसारखाच. डिलिव्हरी वेळेत.' तीनशे रुपये वाचलेल्या माणसाला एवढा सल्ला पुरे झाला.

मग खलनायक कोण, ती फ्रेंच डेकॅथलॉन? तिच्या नावानं बोटं मोडणं सोपं आहे. २००९मध्ये ती बंगळुरूत आली, आणि मग मॉलामॉलांत शिरली. आज कर्जतच्या पहिल्या लोकलमध्ये तिची छोटी सॅक दिसली नाही, तर ती लोकल रविवारची नव्हे. पण तिच्यामुळे पोराटोरांना खिशाला परवडणारी सॅक आणि बरा बूट मिळाला, हेही खरंच. आधीच्या पिढीनं काय घातलं होतं? ॲक्शनचे ट्रेकिंग बूट. टेलरकडून शिवून घेतलेली सॅक. टॉर्च वडिलांचा, टोप आईचा, आणि घरी परवानगी अभ्यासाच्या नावाखाली काढलेली.

त्या काळाचे गोडवे गाणाऱ्यांनाही एक टाचणी हवीच. 'आमच्या वेळी काय होतं हो?' काही नव्हतं. तरी मुंबईच्या गिरिविहारची मंडळी १९८८ला थेट कांचनजंगेच्या मोहिमेवर गेली. फोनवरची खरेदी नव्हती, मॉल नव्हते. क्लबचा दोर कुणाच्या तरी दिवाणाखाली असायचा आणि त्याच्यावर घरमालकाहून जास्त माया असायची. म्हणजे दुकानावाचून डोंगर अडत नाही. मग दुकान हवं कशाला?

सांगतो. आधी उल्हासनगरला जाऊन येऊ.

या गावाचा जन्मच छावणीतला. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्कराचा तळ पडला, फाळणीनंतर त्याच बराकींत सिंधी निर्वासित आले, आणि १९४९ साली तिथं उल्हासनगर उभं राहिलं. विभागांना आजही आपण कॅम्प म्हणतो, कॅम्प एक ते पाच. पाच-पाच कॅम्प असलेल्या शहरात तंबू घ्यायला मात्र मॉल गाठावा लागतो.

पण उल्हासनगरला नावं ठेवायची नाहीत. सह्याद्रीला सर्वात जास्त कपडे त्यानंच पुरवलेत. निम्मा महाराष्ट्र गड चढतो तो जीन्समध्ये, आणि जीन्स म्हटलं की उल्हासनगर. 'मेड इन यूएसए', म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद आपल्याकडे वाडवडिलांपासून चालत आलाय. आता भिजलेली जीन्स दोन किलोची होते, मांड्या सोलवटते आणि वाळायला तयार नसते, हे चंदेरीच्या घळीत शिरल्याशिवाय कळत नाही. जीन्स धुणाऱ्या कारखान्यांना पुढं प्रदूषणापायी टाळं लागलं. वालधुनी नदी निर्मळ झाली का? शिवमंदिराशेजारी उभं राहून वास घ्या आणि उत्तर मनातच ठेवा.

बंद पडण्याची आपल्याला सवय आहे, नाही का? डोंगरात जाणाऱ्याचं सर्वात पहिलं सामान काय? आगपेटी. ती तर आपल्याच अंबरनाथात व्हायची, विम्कोच्या कारखान्यात. शिप छाप. कारखाना गेला, विम्को नाका राहिला. रिक्षावाला अजून तिथं सोडतो.

आता मुद्द्याची गोष्ट. जगात डोंगराच्या सामानाचं दुकान बंद पडलं की अर्थ सोपा असतो: गिऱ्हाईक आटलं. आपल्याकडे डोंगरावरचं गिऱ्हाईक आटलंय? पावसाळ्यातल्या कोणत्याही रविवारी कलावंतिणीच्या पायऱ्यांवर रांग बघा. हरिहरला बघा. आपल्या कोंडेश्वरला बघा. दरवर्षी जिल्हाधिकाऱ्यांचा मनाई आदेश निघतो. पूर्वी कलम १४४ होतं, जुलै २०२४पासून नव्या संहितेतलं १६३ आहे. कलम बदललं. कुंड तेच, गर्दी तीच, आणि दुसऱ्या दिवशीची बातमीही तीच.

डोंगर भरभरून वाहतोय आणि डोंगराचं दुकान ओस. हे गणित कसं सुटायचं?

सोपं आहे. वर जाणाऱ्यांना डोंगरात जायचंच नसतं. त्यांना डोंगरासमोर उभं राहायचं असतं. त्याला बूट कशाला? चप्पल चालते, फ्रेममध्ये पाय येत नाहीत. रेनकोट कशाला? त्यात टी-शर्टवरचे महाराज झाकले जातात. लागतो तो एक स्पीकर, आणि तो सगळ्या दुकानांत मिळतो.

आयोजकांचं काय म्हणता? व्हॉट्सॲपवर फलक येतो. नाश्त्याला पोहे, जेवायला पिठलं-भाकरी, सोबत ड्रोन शूट. दोर आहे का, विचारा. "दादा, ट्रेक इझी टू मॉडरेट आहे." प्रथमोपचाराची पेटी? "आपल्या ग्रुपचं वातावरण एकदम फॅमिलीसारखं आहे." ऑगस्ट २०२१मध्ये राज्य सरकारनं साहसी पर्यटनाचं धोरण आणलं आणि अशा आयोजकांना नोंदणी सक्तीची केली. त्या फलकावर नोंदणी क्रमांक शोधा. पोह्यांचा उल्लेख आधी सापडेल.

सरकारही कमी नाही. २२ सप्टेंबर २०२५पासून अडीच हजारांपर्यंतच्या पादत्राणांवर ५ टक्के जीएसटी, त्याच्या वर १८. घोटा नीट धरून ठेवणारा चांगला बूट अडीच हजारांत बसवून दाखवाच. थोडक्यात, घोटा मुरगळायचा असेल तर पाच टक्के, वाचवायचा असेल तर अठरा.

त्याआधी ऑगस्ट २०२४पासून पादत्राणांना बीआयएसचा शिक्का सक्तीचा झाला, बाहेरून येणाऱ्यांनाही. दर्जा हवाच, कोण नको म्हणेल? पण प्रस्तरारोहणाचे वर्षाला वीस जोड विकणारा दुकानदार परदेशातल्या कारखान्याला हा शिक्का घ्यायला कसा लावणार? शिक्क्याच्या भीतीनं खोटा माल पळाला की नाही ठाऊक नाही. लहान दुकानदाराची झोप मात्र नक्की पळाली असणार.

मलंगगडाच्या फ्युनिक्युलरचं गाडं किती वर्षं रुळावर येत होतं, ते आपण जाणतोच. गडावर दर्शनाला जाणाऱ्या म्हाताऱ्याकोताऱ्यांची सोय झालीच पाहिजे. पण चढायचंच नाही असं ठरलं की बुटांच्या दुकानात कोण शिरणार? चढण आपण विकास म्हणून काढून टाकतो, आणि मग साहसाची धोरणं आखतो.

राहता राहिला प्रश्न: दोर, हार्नेस, डिसेंडर, हेल्मेट, स्ट्रेचर हे खरंखुरं सामान आज घेतं तरी कोण? गिर्यारोहणाचे मोजके क्लब घेतात. आणि दुसरं गिऱ्हाईक म्हणजे रेस्क्यूवाले. खोपोलीचे यशवंती हायकर्स, लोणावळ्याचे शिवदुर्ग मित्र, पनवेलचे निसर्गमित्र. चंदेरीवर कुणी अडकलं, कर्नाळ्यावर कुणाला मधमाश्या लागल्या, कड्यावरून कुणी घसरलं, की पोलिसांचा फोन यांना जातो. यांच्या नोकऱ्या असतात, दुकानं असतात, घरी पोरांच्या परीक्षा असतात. तरी जातात.

१९ जुलै २०२३च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड आली. पावसात, अंधारात, चिखलाच्या वाटेनं वर पोचलेल्या पहिल्या माणसांत हेच ट्रेकर होते. यंत्रं वर चढू शकत नव्हती. पाय चढले.

म्हणजे बघा काय मजा आहे. ज्यानं काहीच विकत घेतलं नाही तो कड्यावर अडकतो. आणि ज्याला त्या दिवशी डोंगरात जायचंच नव्हतं, तो पदरचे पैसे घालून घेतलेला दोर खांद्यावर टाकून त्याला आणायला जातो. गिऱ्हाईक वर, खरेदीदार खाली. कोणत्या व्यापारात बसतं हे?

खाली आणल्यावर काय होतं? सत्कार होतो. शाल, श्रीफळ, नगरसेवकांसोबत फोटो. दोर कड्यावर घासला गेला असेल, बाद करावा लागेल, त्याचं काय? शालीचा दोर होत नाही.

२०२२मध्ये सरकारनं दहीहंडीला साहसी खेळाचा दर्जा दिला. गोविंदांना विम्याचं कवच मिळालं. उत्तम झालं, पोरं पडतात, हातपाय मोडतात, विमा हवाच. मग बारा महिने दुसऱ्यांच्या पोरांसाठी कड्याला लटकणाऱ्यांनी काय करायचं? त्यांनीही थरावर थर लावून वर जावं, म्हणजे मंत्रिमहोदयांना व्यासपीठावरून दिसतील.

दूध सहकारी, साखर सहकारी, बँका सहकारी, घरंसुद्धा सहकारी. एवढ्या सहकारमहर्षींच्या राज्यात डोंगरवाल्यांचं एक सहकारी दुकान का नसावं? कुणी म्हणेल, चालणार नाही. मुंबई ग्राहक पंचायत १९७५पासून गटागटानं वाणसामान एकत्र घेते, ते चालतंच ना? तूरडाळ एकत्र घेता येते, मग साठ मीटरचा दोर का नाही? डाळीला तरी चवीवरून भांडण होईल, दोराला चव नसते.

दरवर्षी पावसाळ्यात मुलुंडला गिरिमित्र संमेलन भरतं. राज्यभरचे क्लब येतात, उत्तम स्लाइड शो होतात, सत्कार होतात, चहा चांगला असतो. तिथं एका टेबलावर वही ठेवा. कोणत्या क्लबला किती दोर, किती हेल्मेट, किती हार्नेस हवेत, लिहून घ्या. एकत्र मागणी नोंदवा आणि ती एखाद्या तग धरून असलेल्या दुकानदाराला द्या. यासाठी धोरण नको, अनुदान नको, फ्युनिक्युलर तर नकोच. एक वही हवी, आणि सभेत विषय आला की 'पुढच्या वर्षी बघू' न म्हणणारी दोन माणसं. दुसरी अट अवघड आहे, कल्पना आहे.

तोवर आपल्यापुरतं एवढं करा. बूट ज्या दुकानात पायात घालून बघाल, त्याच दुकानात घ्या; तीनशे रुपये ही काकांची फी समजा. आणि या पावसाळ्यात ड्रोन शूटवाल्या ट्रेकचे पैसे भरण्याआधी जवळच्या रेस्क्यू पथकाला फोन करून विचारा, सध्या कोणत्या सामानाची नड आहे. चौघांनी वर्गणी काढली तर एक दोर सहज होतो. बिल पथकाच्या नावानं करा आणि सामान त्यांच्या हातात देऊन या. शाल नेऊ नका.